बंदीवाल्यांचा संघ: सट्टा प्रकरणांत अडकलेल्या फुटबॉलपटूंमधून अकरा निवडू या

गोलपोस्टमागे (धागाकर्ता)
कुणा खेळाडूवर सट्ट्यापायी बंदी आली की जुनी नावं पुन्हा वर येतात, आणि बहुतेक वेळा तपशील चुकीचेच असतात. म्हणून हा धागा. सट्ट्याच्या प्रकरणात बंदी भोगलेल्यांमधून अकरा जणांचा संघ निवडायचा आहे. अटी तीनच. बंदी फेडरेशनने रीतसर घातलेली असावी. प्रकरणात पैज असावी, नुसती लाच चालणार नाही. आणि नंतर कोर्टाने किंवा फेडरेशनने ज्याला निर्दोष ठरवलं तो खेळाडू बाद.

आणखी एक विनंती. "मॅच फिक्स केली" एवढ्यावर थांबू नका, पैज नेमकी कशावर आणि कशी लावली होती तेही लिहा. बुकी ज्या काळात जी पैज विकत होते, तिच्याच आकाराचं कांड त्या काळात झालेलं दिसतं.

सुरुवात मी करतो. गोलकीपर एन्रिको अल्बर्तोसी. १९७०च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इटलीचा गोलकीपर, १९७८-७९ मध्ये मिलानसोबत लीग विजेता. १९८०च्या इटलीतल्या 'तोतोनेरो' सट्टा प्रकरणात चार वर्षं बंदी, तेव्हा वय चाळीस.

बाकावरचा
गोलकीपर म्हटल्यावर लिव्हरपूलचा ब्रूस ग्रॉबेलार आधी आठवायला हवा होता!

शेवटची_शिट्टी
@बाकावरचा, तो अट क्र. ३ मध्ये बसत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये एका टॅब्लॉइडने त्याच्यावर पैसे घेऊन सामने विकल्याचे आरोप छापले. १९९७ मध्ये खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि तो सुटला. मग त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने ८५,००० पौंड दिले, अपील कोर्टाने ते रद्द केले, आणि २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) भरपाई दिली एक पौंड. विरुद्ध बाजूचा कोर्टखर्चही त्याच्यावरच आला. त्याने पैसे घेतल्याचं न्यायाधीशांना पटलं होतं, पण मुद्दाम गोल सोडल्याचं सिद्ध झालं नाही. संघात घ्यायचा नसला तरी हा निकाल वाचण्यासारखा आहे. मुद्दाम सोडलेला गोल आणि चुकून गेलेला गोल यांतला फरक कोर्टात दाखवणं किती अवघड आहे ते त्यात दिसतं.

जुनी_जर्सी
माझ्याकडून एकदम तीन नावं, तिन्ही १९६०च्या दशकातल्या शेफील्ड वेन्सडेची: पीटर स्वान, टोनी के आणि डेव्हिड 'ब्राँको' लेन.

सामना इप्सविच विरुद्ध शेफील्ड वेन्सडे, १ डिसेंबर १९६२. इप्सविच २-० ने जिंकलं, दोन्ही गोल रे क्रॉफर्डचे. तिघांनी आपल्याच संघाच्या हरण्यावर प्रत्येकी ५० पौंड लावले होते, वर १०० पौंड सुटले. इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा उठून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे जुन्या हिशेबाने पाच आठवड्यांचा पगार.

आता पैज. त्या काळच्या फिक्स्ड-ऑड्स (आधीच ठरलेल्या भावाच्या) कूपनवर एकाच सामन्यावर पैसे घेत नसत. किमान तीन निकाल एकत्र लावावे लागत आणि तिन्ही बरोबर आले तरच पैसे मिळत. बुकींनी फिक्सिंगच्या भीतीनेच ही अट ठेवली होती, पण झालं उलटंच. एक सामना विकत घेऊन काम भागेना, म्हणून सूत्रधार जिमी गॉल्डला एकाच दिवसाचे तीन सामने जुळवावे लागले. त्याच दिवशी लिंकन ब्रेंटफर्डकडून १-३ हरलं आणि यॉर्क ओल्डहॅमकडून २-३. गॉल्ड आणि लेन स्विंडनमध्ये एकत्र खेळलेले, त्या ओळखीतून धागा वेन्सडेपर्यंत आला. तीन सामने म्हणजे तीन ड्रेसिंग रूममध्ये माहीतगार, आणि एवढ्या तोंडांतून गोष्ट बाहेर पडणारच. शेवटी गॉल्डनेच १९६४ मध्ये एका रविवारच्या वर्तमानपत्राला ७,००० पौंडांना सगळी कहाणी विकली. वर त्याने गुपचूप टेप केलेली संभाषणं कोर्टात पुरावा म्हणून वाजली.

जानेवारी १९६५ मध्ये नॉटिंगहॅमला निकाल लागला. गॉल्डला चार वर्षं, आमच्या तिघांना चार-चार महिने. मग फुटबॉलमधून आजन्म बंदी.

आकडेमोड्या
भर घालतो. त्या इप्सविच सामन्यात टोनी के उत्तम खेळला होता. ज्या वर्तमानपत्राने पुढे त्याला उघडं पाडलं, त्याच्याच वार्ताहराने त्या दिवशी त्याला सामनावीर ठरवलं होतं. त्याच महिन्यात एव्हर्टनने सुमारे ६० हजार पौंड मोजून त्याला घेतलं आणि १९६३ मध्ये तो लीग विजेता झाला. इंग्लंडकडून एकच सामना, स्वित्झर्लंडविरुद्ध ८-१, त्यातही एक गोल त्याचा. बंदी आली तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता.

स्वानचे इंग्लंडकडून १९ सामने. १९६२च्या वर्ल्ड कपच्या संघात होता, पण आजारपणामुळे एकही सामना खेळला नाही. लेनचे वेन्सडेसाठी ७४ लीग सामन्यांत ५२ गोल. १९६६चा वर्ल्ड कप इंग्लंडने या लोकांशिवाय जिंकला हे खरं, पण के त्या संघाच्या बावीस जणांत नक्की असता असं माझं मत. स्वानबद्दल तेवढी खात्री देत नाही.

राइट_आउट
पण ते खरंच मुद्दाम हरले का? इप्सविचला वेन्सडे तशीही हरायचीच.

जुनी_जर्सी
@राइट_आउट, लेनचा तर्कही हाच होता: तिथे आपण हरतोच, मग थोडे पैसे का सोडा. स्वानने पुढे सांगितलं की सामना सरळ खेळूनच हरलो, पण आपण जिंकत असतो तर काय केलं असतं ते आपल्यालाही सांगता येत नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. बंदी घालायला एवढं पुरेसं आहे, कारण स्वतःच्या हरण्यावर पैसे लावलेला स्टॉपर (मधला बचावपटू) ८०व्या मिनिटाला १-१ असताना टॅकल कसं करेल हा प्रश्न त्यानंतर कायमचा उरतो.

१९७२ मध्ये बंदी उठली. स्वान पस्तिशीत पुन्हा वेन्सडेकडून उतरला, मग बरीला गेला. १९७५ मध्ये मॅटलॉक टाउनचा मॅनेजर म्हणून एफए ट्रॉफी जिंकली, फायनल ४-०. आपल्या संघाचा खेळाडू-मॅनेजर तोच.

पेनल्टीचा_ठिपका
मग १९१५ला जाऊ या. त्या एका सामन्यात अर्धा संघ मिळतो.

२ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेड २, लिव्हरपूल ०, दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. इथे पैज अचूक स्कोअरवर होती. २-० ला एकास सात भाव, म्हणजे बुकीच्या लेखी हा स्कोअर यायची शक्यता साडेबारा टक्क्यांच्या आसपास. खेळाडूंनी मित्रांमार्फत ठिकठिकाणी पैसे लावले.

अचूक स्कोअरचा लोभ असा की भाव चढा मिळतो. त्यातली मेख अशी की २-० झाल्यावर गोल करायचाही नाही आणि खायचाही नाही. प्रेक्षकांना हे लगेच दिसतं. त्या सामन्यात तेच झालं. युनायटेडने एक पेनल्टी बाहेर मारली. शेवटी शेवटी लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका बारवर आदळला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर भडकले. तो कटात नव्हता आणि चौकशीत त्याने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. थोड्याच दिवसांत 'फुटबॉल किंग' या नावाने पत्रकं निघाली: माहिती द्या, ५० पौंड मिळवा.

डिसेंबर १९१५ मध्ये निकाल आला. युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॅली, इनॉक वेस्ट. लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल, थॉमस फेअरफूल. शिवाय चेस्टरचा एक. सगळ्यांना आजन्म बंदी.

कारणही समजून घ्यायला हवं. युद्धामुळे तो हंगाम संपल्यावर लीग बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं. पगार थांबणार, करिअर कदाचित तिथेच संपणार. तिशीतल्या खेळाडूला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आकडेमोड्या
त्या दोन गुणांचा हिशेब: युनायटेड ३० गुणांवर १८वं, चेल्सी २९, टॉटनहॅम २८. तेव्हा विजयाला दोन गुण. हे दोन वजा केले तर युनायटेड चेल्सीच्या खाली जातं. तरीही निकाल कायम ठेवला. पुढे १९१९ मध्ये पहिली डिव्हिजन २० वरून २२ संघांची केली तेव्हा चेल्सी वाचली. टॉटनहॅम मात्र खालीच गेलं आणि त्यांच्याऐवजी आर्सेनल वर आलं, तो वाद अजून संपलेला नाही.

पेनल्टीचा_ठिपका
टर्नबुलला डाव्या इनसाइडला (डाव्या विंगच्या आतला फॉरवर्ड) घ्याच. १९०९च्या एफए कप फायनलचा एकमेव गोल त्याचा, आणि फेब्रुवारी १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला गोलही त्याचाच. तो ३ मे १९१७ रोजी फ्रान्समधल्या अरासच्या लढाईत मारला गेला. १९१९ मध्ये बाकीच्यांची बंदी उठली तेव्हा त्याचीही उठवली, म्हणजे मेल्यावर.

वेस्टची तेव्हाही उठली नाही. त्याने गुन्हा कधी कबूल केला नाही, उलट एफएवर (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेवर) दावा ठोकला आणि हरला. त्याची बंदी उठली १९४५ मध्ये, तेव्हा तो ५९ वर्षांचा. १९०७-०८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळताना लीगमधला सर्वाधिक गोल करणारा हाच. बाकीचे सुटले आणि जो भांडला त्याला तीस वर्षं लागली, हे काही मला पटत नाही.

बाकावरचा
पेनल्टी बाहेर मारणारा कोण? त्यालाही घ्या की!

पेनल्टीचा_ठिपका
पॅट ओकॉनेल. त्याला शिक्षाच झाली नाही, म्हणून बाद. पुढे मॅनेजर म्हणून त्याने १९३५ मध्ये रेआल बेटिसला त्यांचं आजवरचं एकमेव लीग विजेतेपद मिळवून दिलं.

गोलपोस्टमागे (धागाकर्ता)
आता तोतोनेरो मीच लिहितो. इटलीत सरकारमान्य खेळ होता 'तोतोकाल्चो': १३ सामन्यांचे निकाल ओळखायचे, बक्षीस सगळ्या विजेत्यांत वाटून. एका सामन्यावर मोठी रक्कम लावायची सोयच नव्हती. ती भूक काळ्या बाजाराने भागवली, म्हणून नाव 'काळा तोतो'. तिथे एकेका सामन्यावर, उधारीवर पैज घेत.

रोममधला फळांचा घाऊक व्यापारी मास्सिमो क्रुचानी आणि हॉटेलवाला अल्वारो त्रिंका यांनी खेळाडूंना चेक दिले. हो, चेक! खेळाडूंनी पैसे घेतले, पण ठरलेले निकाल काही येईनात. काळ्या बुकींची उधारी फुगत गेली. कोंडीत सापडल्यावर १ मार्च १९८० रोजी क्रुचानीने स्वतःच सरकारी वकिलांकडे तक्रार केली: मला फसवलं. तक्रारीत २७ खेळाडूंची नावं. २३ मार्चच्या रविवारी पोलिसांनी स्टेडियममधूनच खेळाडू उचलले. मिलान आणि लाझियो खालच्या डिव्हिजनमध्ये, मिलानचे अध्यक्ष आजन्म बाद.

कोर्टात मात्र सगळे सुटले, कारण खेळातली फसवणूक हा इटलीत तेव्हा गुन्हाच नव्हता. तो कायदा १९८९ला झाला.

राइट_आउट
थांबा थांबा. मग अट क्र. ३ प्रमाणे, याच प्रकरणात बंदी आलेला पाओलो रोस्सी बाद? आणि अल्बर्तोसीसुद्धा?

गोलपोस्टमागे (धागाकर्ता)
नाही. कोर्टाने "हा गुन्हाच नाही" म्हणून सोडलं, "केलं नाही" म्हणून नव्हे. फेडरेशनची शिक्षा कायम राहिली. धाग्याच्या मालकाचा निर्णय अंतिम. 🙂

शेवटची_शिट्टी
रोस्सीबद्दल मात्र न्यायाने लिहायला हवं. सामना आवेल्लिनो-पेरुजा, ३० डिसेंबर १९७९, २-२, पेरुजाचे दोन्ही गोल त्याचेच. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच राहिलं: हॉटेलात तंबोला खेळत बसलो होतो, सहकाऱ्याने दोन माणसांशी ओळख करून दिली, त्यांनी बरोबरीचा विषय काढला, मी दोन मिनिटांत उठलो. शिक्षा तीन वर्षं, अपिलात दोन. एप्रिल १९८२च्या अखेरीस ती संपली. वर्ल्ड कपआधी युव्हेंटुसकडून जेमतेम तीन लीग सामने मिळाले. स्पेनमधल्या पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नाही. मग ५ जुलैला ब्राझीलविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन, फायनलमध्ये एक.

त्या विजयानंतर फेडरेशनने माफी जाहीर केली, त्यात लाझियोचे ब्रुनो जोर्दानो आणि लिओनेल्लो मानफ्रेदोनिया शिक्षा पुरी व्हायच्या आत सुटले. जोर्दानो १९७८-७९ मध्ये सेरी आ (इटलीतली पहिली डिव्हिजन) चा सर्वाधिक गोल करणारा, १९ गोल. पुढे मॅराडोनाबरोबर नापोलीचा १९८७चा विजेता. दोघंही संघात.

आकडेमोड्या
अवांतर, पण पैजेच्या आकाराचा मुद्दा आहे म्हणून लिहितो. सर्वांत हुशार फिक्सिंगला खेळाडू लागलेच नाहीत. ३ नोव्हेंबर १९९७, वेस्ट हॅम-क्रिस्टल पॅलेस, २-२ झाल्यावर दिवे गेले. २२ डिसेंबरला विम्बल्डन-आर्सेनल, ०-०, दुसरा हाफ सुरू होताच दिवे गेले. इंग्लंडमध्ये सामना अर्धवट राहिला की पैजा रद्द व्हायच्या. आशियाई बुकींचा नियम वेगळा होता: दुसरा हाफ सुरू झाल्यावर सामना थांबला तर त्या क्षणाचा स्कोअर अंतिम. म्हणजे हवा तो स्कोअर आला की बटण दाबायचं. फेब्रुवारी १९९९ मध्ये चार्ल्टन-लिव्हरपूल सामन्याआधी टोळी पकडली गेली. फितवलेल्या सुरक्षारक्षकाने दुसऱ्या रक्षकालाही सामील करायचा प्रयत्न केला आणि त्याने पोलिसांना कळवलं. इथेही तेच, एक माणूस जास्त झाला.

आशियाई हँडिकॅपचंही (पैजेपुरता एका संघाला आधीच उणे-अधिक गोल द्यायचे) थोडक्यात सांगतो. बलाढ्य संघाला उणे दीड गोल दिलेला असेल तर त्याने १-० ने जिंकूनही त्याच्यावर लावणारे हरतात. फिक्सरला हे सोन्यासारखं, कारण खेळाडूला "तू हरू नकोस, फक्त दुसरा गोल करू नकोस" एवढंच सांगायचं. सामना जिंकलेला असतो, कुणाला संशय येत नाही.

एकूण गोलांवरची पैज त्याहून सोपी, पण तिथे लोभ नडतो. ९ फेब्रुवारी २०११, तुर्कस्तानातलं अंताल्या. एकाच दिवशी दोन मैत्रीपूर्ण सामने, लॅटव्हिया-बोलिव्हिया २-१ आणि एस्टोनिया-बल्गेरिया २-२. सातही गोल पेनल्टीवर! एक पेनल्टी हुकली तर पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. हंगेरी आणि बोस्नियाच्या सहा पंचांवर आजन्म बंदी आली.

बाकावरचा
म्हणजे आपल्या सामन्याला पंचही मिळाले.

शेवटची_शिट्टी
पंच रॉबर्ट हॉयत्सरच. २१ ऑगस्ट २००४, जर्मन कप, तिसऱ्या स्तरावरचं पाडरबोर्न विरुद्ध हाम्बुर्ग. हाम्बुर्ग २-० ने पुढे. मग दोन शंकास्पद पेनल्ट्या, हाम्बुर्गच्या एमपेन्झाला लाल कार्ड, आणि पाडरबोर्न ४-२ ने विजयी. पैसे लावणारा अँते शापिना, बैठक बर्लिनच्या कॅफे किंगमध्ये. हॉयत्सरला मिळाले सुमारे ६७,००० युरो आणि एक प्लाझ्मा टीव्ही. जानेवारी २००५ मध्ये चार सहकारी पंचांनी संशय कळवला, वर्षअखेर दोन वर्षं पाच महिन्यांची कैद.

राइट_आउट
राइट बॅक राहिला ना? कीरन ट्रिपियर. हा वेगळाच प्रकार आहे. पैज सामन्यावर नव्हती, त्याच्या स्वतःच्या बदलीवर होती. जुलै २०१९ मध्ये तो आत्लेतिको माद्रिदला जाणार हे मित्रांना कळलं आणि त्यांनी पैसे लावले. डिसेंबर २०२० मध्ये १० आठवड्यांची बंदी, ७०,००० पौंड दंड. क्लब कुठला हे खेळाडूच्या घरच्यांना आधी कळणारच, त्यामुळे असल्या पैजेत आतली बातमी फुटायची सोय जन्मतःच असते. बुकींनी ती विकूच नये.

जुनी_जर्सी
ट्रिपियरला माझा विरोध नाही, पण हल्लीच्या बंद्या वेगळ्या रांगेत ठेवा. ऑगस्ट २०१४ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूने जगात कुठल्याही फुटबॉलवर पैज लावणं मना आहे. आयव्हन टोनीने २०२३ मध्ये २३२ उल्लंघनं कबूल केली आणि ८ महिने बाहेर बसला. स्वतःच्या क्लबवरच्या २९ पैजांपैकी १६ जिंकण्यावर, १३ हरण्यावर, आणि हरण्यावर पैज लावलेल्या त्या सामन्यांत तो मैदानात नव्हता. सांद्रो तोनालीला त्याच वर्षी १० महिने. दोघांच्याही बाबतीत जुगाराचं व्यसन लक्षात घेतलं गेलं. त्यांनी सामना विकला असं कुणीही म्हटलेलं नाही. वेस्ट आणि टोनी एकाच ओळीत बसवणं टोनीवर अन्याय आहे.

गोलपोस्टमागे (धागाकर्ता)
सहमत. ट्रिपियर, टोनी, तोनाली राखीव. मुख्य संघ सामना विकल्याच्या आरोपावरून बंदी आलेल्यांचाच. १९१५ची मंडळी असल्याने रचनाही त्यांच्या काळातली, २-३-५ (गोलकीपरपुढे दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड):

अल्बर्तोसी, स्वान, पर्सेल, के, मानफ्रेदोनिया, व्हॅली, शेल्डन, जोर्दानो, रोस्सी, टर्नबुल आणि डावा विंग...?

बाकावरचा
डावीकडे बेप्पे सिन्योरी! तीनदा सेरी आ चा सर्वाधिक गोल करणारा, डाव्या पायाचा बादशहा.

शेवटची_शिट्टी
अट क्र. ३. जून २०११ मध्ये अटक, पाच वर्षं बंदी, पण २०२१ मध्ये कोर्टांनी निर्दोष ठरवलं आणि फेडरेशननेही त्याला मोकळं केलं. इथे "गुन्हाच नाही" वाली पळवाट लागू नाही. तो स्वच्छ सुटला आहे.

पेनल्टीचा_ठिपका
मग वेस्टला डावीकडे ढकला. तीस वर्षं थांबला आहे बिचारा.

आकडेमोड्या
वेस्ट सेंटर फॉरवर्ड, डावीकडे वाया जाईल. आणि लेनला ५२ गोलांसकट बाहेर कसं ठेवलंत?

गोलपोस्टमागे (धागाकर्ता)
लेन आणि वेस्ट राखीवात, पुढच्या फळीतल्या मधल्या तिघांपैकी कुणी जखमी झालं की उतरतील. डावा विंग रिकामा ठेवतो. अटींत बसणारा कुणी आठवला तर लिहा, सोबत पैज कशावर होती तेही.